राजमणी गरीब आहे का?

पूर्वभागवाली

गेल्या पंधरवड्यात आठ दिवस माहेरी होते, सोलापूरला. पुण्यात राहून २४ वर्षं झाली, पण स्टेशनवर उतरलं की अजून पाय आपोआप पूर्व भागाकडे, मिल आणि विडी कामगारांच्या वस्तीकडे वळतात. या वेळी मुद्दाम कुंभारीला जाऊन शाळेतल्या मैत्रिणीला भेटले. तिला इथे राजमणी म्हणते, खरं नाव वेगळं आहे.

आम्ही दोघी आठवीपर्यंत एका बाकावर. दोघींचे वडील मिलमधले. मिल बंद पडली. माझ्या वडिलांना वर्षभराने शिपायाची नोकरी लागली, तिच्या वडिलांना लागली नाही. ती आठवीनंतर आईबरोबर विडीला बसली आणि मी पुढे शिकले. अभ्यासात ती माझ्यापेक्षा हुशार होती. गणिताची वही मी तिचीच बघून लिहायची.

आज तिचं स्वतःचं घर आहे, विडी कामगारांच्या घरकुलातलं. गॅस आहे, टीव्ही आहे, दोन मोबाईल आहेत, रेशन फुकट मिळतं. मुलगा पुण्यात दुचाकीवरून जेवणाचे डबे पोचवतो. मुलगी बारावी सायन्सला. नवरा यंत्रमागावर होता, दोन वर्षांपूर्वी त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून तिचे कानातले आणि आईच्या पाटल्या गहाण आहेत, आणि दोन फायनान्सचे आठवड्याचे हप्ते चालू आहेत. घरखर्च महिन्याला साधारण सोळा हजार, माणसं चार.

परतताना गाडीत बातमी वाचली की जागतिक बँकेच्या नव्या मोजमापाने भारतात अतिगरीब फक्त ५.३ टक्के उरलेत. आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आमच्या लहानपणी गल्लीत उपाशी झोपणारी घरं मी पाहिली आहेत, आता तशी दिसली नाहीत. पण राजमणीचे मोकळे कान काही डोळ्यांसमोरून जाईनात. ती गरीब आहे का? नसेल तर माझ्या आणि तिच्यामध्ये जे पडलंय त्याला काय म्हणायचं?

कडकभाकरी

ताई, वाचूनच गलबलून आलं. माझी मावशी पण विडीलाच. पहाटे चारला उठून भिजवलेली पानं कात्रीनं कापायला बसायची, आम्ही पोरं जुड्या मोजायचो. शाळेत पाढे नंतर शिकलो, पंचवीसचा पाढा आधी पाठ झाला.

अर्थार्थी

पूर्वभागवाली, आकडा बरोबर आहे, फक्त तो कशाचा आहे ते बघू. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये अतिगरिबीची रेषा दिवसाला २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली. हे डॉलर बाजारभावाचे नव्हेत, क्रयशक्तीच्या, म्हणजे तेवढ्या पैशात कुठे किती वस्तू मिळतात याच्या हिशेबाचे. म्हणजे आपल्याकडे माणशी दिवसाला साठ-सत्तर रुपयांच्या घरात. त्या रेषेखाली २०११-१२ मध्ये २७.१ टक्के लोक होते, २०२२-२३ मध्ये ५.३ टक्के. ही घट मोठी आहे, तिला नावं ठेवू नयेत.

पण याच बँकेची आपल्यासारख्या निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी दुसरी रेषा आहे, ४.२० डॉलरची. तिच्याखाली अजून २३.९ टक्के, जवळजवळ चौघांत एक. दोन रेषांमध्ये अंतर किती? दिवसाला पंचवीस-तीस रुपये. एवढ्याशा पट्टीत देशातली कोट्यवधी माणसं दाटीवाटीने उभी आहेत.

तुमच्या मैत्रिणीच्या घरी माणशी चार हजार पडतात. ती दोन्ही रेषांच्या वर आहे. गरिबी मोजायला नेमलेल्या रंगराजन समितीची शहरी रेषा २०११-१२ च्या भावाने महिना १४०७ रुपये होती. ती आज दुप्पट धरली तरी राजमणी वरच. सरकारी पाहणीत २०२३-२४ चा शहरी सरासरी खर्च माणशी ६९९६ रुपये आला आहे, त्याच्या मात्र ती बरीच खाली.

तेव्हा कागदावरचं उत्तर: गरीब नाही.

रात्रपाळी

कागदावर सोळा हजार खर्च दिसतो, त्यात हप्ते धरलेत का? व्याज फेडायला गेलेल्या पैशाने पोट भरत नाही.

पूर्वभागवाली

@रात्रपाळी, हप्ते धरूनच सोळा. दोन्ही मिळून साडेचार हजार जातात असं म्हणाली.

अर्थार्थी

मग माझा हिशेब चुकला. साडेअकरा भागिले चार, म्हणजे माणशी तीन हजारांच्याही आत. ती ४.२० डॉलरच्या रेषेवरच येऊन टेकते. घाई केली, माफ करा.

स्पष्टबोल्या

मला एक कळत नाही. घर सरकारने दिलं, धान्य सरकार देतं, लाडक्या बहिणीचे १५०० येतात. आणखी किती द्यायचं? माझे आजोबा ७२ च्या दुष्काळात मंगळवेढ्याहून पायी सोलापूरला आले, हमाली केली, मुलांना शिकवलं. दरी वगैरे शब्द वापरून लोकांना कष्टापासून लांब नेऊ नका. असमानता सगळीकडे असते. वर जाणारा जातोच.

माणदेशी

@स्पष्टबोल्या, तुमच्या आजोबांच्या कष्टांबद्दल आदर आहे. पण ७२ चं नाव काढलंत म्हणून सांगतो. आमचं गाव सांगोल्याच्या पुढे. त्या वर्षी गावात माझे वडील आणि चुलते खडी फोडायला आणि नालाबंडिंगला होते. कामावर सुकडी मिळायची. कोरड्या विहिरी आणि ओस गोठे आठवले की वडील अजून गप्प होतात. पण ते सांगतात की घरातलं कुणी भुकेने गेलं नाही. का गेलं नाही? सरकारने मागेल त्याला काम काढलं म्हणून. वि. स. पागे यांची कल्पना. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. देशाचा रोजगार हमीचा कायदा आला २००५ मध्ये, म्हणजे आपल्यानंतर पाव शतकाने.

आणि त्याला पैसा कुठून आला? पगारातून महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो ना, तो १९७५ मध्ये याच योजनेसाठी बसवला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून दुष्काळी रानातल्या मजुराच्या हातात. माझ्या वडिलांनी त्या पैशावर तग धरला आणि आज मी तो कर भरतो. दर महिन्याला पगाराच्या पावतीवर ती ओळ बघून मला बरं वाटतं. त्या दिवसांत कष्ट सगळ्यांनीच केले हो. पण कष्ट करायला काम मिळायला हवं होतं आणि ते कुणीतरी काढावं लागलं.

जुनीमिल

मी ७१ वर्षांचा आहे. मुलाच्या मदतीने टाईप करतो, चुका पोटात घाला.

आमच्या घरात तीन पिढ्या मिलमध्ये. आजोबा जुन्या मिलमध्ये, ती १८७७ ची. साठच्या दशकात ती बंद पडली तेव्हा मी शाळेत होतो. घरात कुणी मोठ्याने रडलं नाही, फक्त आजीने दुसऱ्या दिवशी चहात दूध घातलं नाही. नंतर मी दुसऱ्या गिरणीत लागलो, नव्वदच्या दशकात तीही गेली.

लोक विचारतात की मिल गेल्याने गरिबी आली का? थोडं वेगळं सांगतो. मिलमध्ये असताना आम्ही काही श्रीमंत नव्हतो. पण भोंगा झाला की हजारो माणसं एका दारातून आत जायची. पगाराचा दिवस सगळ्यांचा एक. पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, युनियन. दुकानदार मिल कामगार म्हटलं की उधार द्यायचा, आणि सोयरीक जमवतानाही लोक विचारायचे, मुलगा कायम आहे ना? मिल गेली आणि तोच माणूस शेडमध्ये यंत्रमागावर उभा राहिला. काम तेच, सूत तेच, हात तेच. फक्त कायम हा शब्द गेला. जेवढे मीटर तेवढे पैसे, आणि लग्न-आजारपणाला मालकाकडून उचल. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येत नाही.

बाई मात्र त्याच्या आधीपासूनच घरात बसून विड्या वळत होती. पूर्व भागात किती तरी घरं अशी आहेत, मिल बंद पडल्यावर फक्त बाईच्या सुपावर चाललेली. हे लिहायचं राहून जातं म्हणून लिहिलं.

कडकभाकरी

काका, चुका कुठं, एक पण दिसली नाही. लिहीत राहा.

टॉवेल_चादर

मी शेडवाला आहे, म्हणून थोडं आमच्या बाजूनेही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे माग आहेत, वडिलांनी चार जुन्या मागांवर सुरू केले. काकांनी लिहिलेली उचल आमच्याकडेही आहे, नाकारत नाही. पण कामगाराला उचल नाही दिली तर तो सावकाराकडे जातो, ते व्याज आणखी वाईट.

दर आम्ही का वाढवत नाही? सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालं, नाव जगभर आहे, पण बाजारात सोलापुरी म्हणून दुसरीकडची चादर निम्म्या भावात मिळते. सुताचे भाव आमच्या हातात नाहीत. वीजबिल भरताना दरवेळी पोटात गोळा येतो. माझ्या भावाने युनिफॉर्मचा धंदा काढला. त्याला गिऱ्हाईक तोंडावर सांगतं की बांगलादेशात शिवून स्वस्त पडतं. तिथे कपडे कारखान्यातला किमान पगार डिसेंबर २०२३ पासून महिना १२,५०० टका झाला, तोही मोठ्या आंदोलनानंतर. म्हणजे तिथली शिवणारी बाई पोटासाठी रस्त्यावर उतरते, आणि तिच्या पगाराकडे बोट दाखवून आमच्याकडच्या बाईचा दर पाडला जातो. दोघी एकमेकींना ओळखतही नाहीत. मला हे फार लागतं.

दक्षिणवारा

मूळ गाव अक्कलकोट, गेली ११ वर्षं जोहान्सबर्गला. इथे सँडटन म्हणून भाग आहे, चकचकीत इमारती आणि बँकांची मुख्यालयं. हमरस्ता ओलांडला की अलेक्झांड्रा वस्ती, पत्र्याची घरं एकमेकांना चिकटून. असमानता मोजायचा जिनी निर्देशांक शून्यापासून एकपर्यंत जातो. दक्षिण आफ्रिकेचा ०.६३, जगातल्या सगळ्यात वाईटांपैकी. बेकारी ३० टक्क्यांच्या वर.

वर्णभेदाचे कायदे ९४ मध्ये संपले. पण जमीन, शाळा आणि नोकरीपासूनचं अंतर जसं आखलं गेलं होतं तसंच बरंचसं राहिलं. माझ्या ऑफिसात सफाई करणाऱ्या मावशी दोन टॅक्सी बदलून येतात, पगाराचा मोठा हिस्सा भाड्यात जातो. सोलापूरला आलो की मला त्या आठवतात, कारण घरकुलं शहराबाहेर दिली की हाच प्रश्न येतो. घर मिळतं, पण काम, दवाखाना आणि कॉलेज लांब जातं.

हुतात्मा_एक्सप्रेस

@दक्षिणवारा, भारताचा जिनी किती?

अर्थार्थी

जागतिक बँकेच्या माहितीनुसार २०२२-२३ साठी ०.२५५. यावरून २०२५ मध्ये भारत जगातल्या सर्वांत समान देशांपैकी एक अशा बातम्या आल्या. पण हा खर्चाचा जिनी आहे, उत्पन्नाचा नाही. गरीब माणूस कमावतो तेवढं खर्च करतो, श्रीमंत आपल्या उत्पन्नाचा थोडाच भाग खर्च करतो, त्यामुळे खर्चात दरी नेहमी लहान दिसते. ब्राझीलचा ०.५२ च्या आसपास येतो, पण तो उत्पन्नाचा. दोन्ही शेजारी मांडून आपण समान म्हणणं बरोबर नाही. शिवाय पाहणी करणाऱ्याला बंगल्याचा वॉचमन आत सोडत नाही, राजमणी चहा देते.

उत्पन्नाकडून बघितलं तर चित्र वेगळं. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबचा मार्च २०२४ चा अभ्यास आहे. त्यात २०२२-२३ मध्ये देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा वरच्या एक टक्क्याकडे. त्यांच्या पद्धतीवरही आक्षेप आहेत. मला स्वतःला ते चित्र वास्तवाच्या जवळचं वाटतं.

स्पष्टबोल्या

वरच्या एक टक्क्याने कमावलं तर राजमणीचं काय गेलं? तिचंही वाढलंच की.

हुतात्मा_एक्सप्रेस

@स्पष्टबोल्या, सोलापुरातलंच उदाहरण देतो, पाण्याचं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, उजनी कितीही भरलेलं असो. आमचं घर जुळे सोलापूरला. जमिनीखाली मोठी टाकी, वर दोन टाक्या, बोअर वेगळं. आम्हाला पाणी कधी आलं ते कळतही नाही. आमच्याकडे काम करणाऱ्या काकूंना पाण्याच्या दिवशी सुट्टी घ्यावी लागते, कारण बॅरल, घागरी, कळशा भरायला घरी माणूस हवं. सुट्टी म्हणजे खाडा. पाणी रात्री दोनला आलं तर दुसऱ्या दिवशी त्या डोळे चोळत येतात.

आता बघा, आमचं त्रास होणं थांबलं म्हणून आम्ही महापालिकेत जाऊन ओरडत नाही. माझे वडील पूर्वी मोर्चाला जायचे, टाकी बांधली तेव्हापासून गेले नाहीत. ज्यांचा आवाज ऐकला जातो ते सगळे बोअर मारून गप्प बसले. शाळेचं तेच, दवाखान्याचं तेच. राजमणीचं यात जातं ते हे.

रात्रपाळी

दवाखान्याचं नाव निघालं म्हणून. मी नर्स आहे, १९ वर्षं झाली. राजमणीच्या नवऱ्यासारखे पेशंट मी रोज बघते. महात्मा फुले योजनेत आता सगळ्या रेशनकार्डवाल्यांना पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, ऑपरेशन खरंच मोफत होतं, आणि त्याने वाचलेले लोक मी मोजू शकत नाही इतके आहेत. मग सोनं कुठे गेलं?

ऑपरेशनच्या आधी आणि नंतर गेलं. छातीत दुखतंय म्हणून आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे चार चकरा. मग तपासण्या. मग रात्री त्रास वाढला म्हणून जवळ दिसेल त्या खाजगी दवाखान्यात, तिथे योजना लागू नाही, दोन दिवसांत पन्नास-साठ हजार. मग योजनेच्या हॉस्पिटलात. घरी आल्यावर आयुष्यभराच्या गोळ्या. त्या काळात नवऱ्याची मजुरी बंद आणि बाई त्याच्याजवळ, म्हणून विड्याही बंद. विडी वळली नाही तर त्या दिवशीचं काहीच नाही, आजारपणाची रजा घरखेप (घरी बसून केलेल्या) कामाला कुठून?

बाई कॅश काउंटरवर कुडी काढून रुमालात गुंडाळते तेव्हा शेजारी उभं राहवत नाही.

भुईकोट

थोडं अवांतर. कुणी यंदाच्या गड्ड्यात, सिद्धेश्वराच्या जत्रेत गेलं होतं का? माझ्या मुलीला पहिल्यांदा नेणार होतो, राहून गेलं.

कडकभाकरी

@भुईकोट, गेलतो की. नंदीध्वज बघितले, पाळण्यात बसलो, भाग्यश्री वड्याला रांग बघून परत फिरलो. पुढच्या जानेवारीत तुम्ही पण या, पोरगीला घेऊन या, माझ्या घरी जेवायला थांबा. शेंगाचटणी घरची आहे.

माणदेशी

त्या चटणीचा पत्ता सगळ्यांनाच कळवा.

मधुकोश

इतका वेळ नुसती वाचत होते. माझी आई विडी कामगार होती, आता ६६ वर्षांची आहे. चाळीस वर्षं वळल्यावर तिला पेन्शन महिना १००० रुपये येते. ही किमान पेन्शन २०१४ मध्ये ठरली, तेव्हापासून तेवढीच. आईच्या बोटांना आता सुईत दोरा ओवता येत नाही, खोकला कायमचा. तरी ती पुष्कळ जणींपेक्षा सुदैवी, कारण तिचं नाव कारखान्याच्या रजिस्टरवर होतं. लॉगबुक नसलेल्या बायकांना तेही नाही.

विडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये माल द्यायला मी तिच्याबरोबर जायची. तपासणारा जुड्या उलगडून छाट काढायचा, बाजूला फेकायचा, त्याचे पैसे नाहीत. पानं खराब निघाली तर कमी पडलेली पानं आपल्या पैशाने विकत घ्यायची. आई कधी वाद घालायची नाही. एकदाच घातला, तर पुढचे आठ दिवस तिला पानं मिळाली नाहीत. कायदा होता हो, १९६६ पासून २०२५ पर्यंत विडी कामगारांसाठी वेगळा कायदा होता. कायदा आईच्या बाजूने होता आणि पानं त्या माणसाच्या हातात होती.

@स्पष्टबोल्या, रागाने लिहीत नाही. तुमचे आजोबा वर आले, माझी आईही मला वर घेऊन आली, मी आज शिक्षिका आहे. पण आईने मला वर उचललं आणि ती स्वतः तिथेच राहिली. कष्ट तिने माझ्या दसपट केले.

स्पष्टबोल्या

@मधुकोश, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. मी लिहिलं ते आमच्या घरच्या अनुभवावरून लिहिलं. आजोबांबरोबर आलेले त्यांचे धाकटे भाऊ हमालीतच गेले, पन्नाशीही गाठली नाही. त्यांच्या घरी आम्ही वर्षातून एकदा जातो. त्यांचं मी मोजलं नव्हतं. फुकट वाटपावर माझं मत अजून तेच आहे. पण पेन्शनचं आणि छाटाचं मला माहीत नव्हतं. ते फुकट मागणं नव्हे, ती मजुरी आहे.

अर्थार्थी

पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला, तेव्हा मोजमाप होतं २२५० उष्मांकांचं. त्या काळात प्रश्न पोटाचा होता, म्हणून पट्टी पोटाची. आता पोटाचा बराचसा सुटला. पण पट्टी अजून तिथल्याच आसपास फिरते. एका आजारपणात घर किती वर्षं मागे जातं, हे कुठल्याच रेषेत येत नाही. मधुकोश आणि रात्रपाळी यांनी लिहिलं ते मला आकड्यांत पकडता आलेलं नाही, आणि हे माझं क्षेत्र आहे.

दक्षिणवारा

ब्राझीलने २००३ मध्ये बोल्सा फमिलिया सुरू केली. गरीब घरातल्या बाईच्या नावे दरमहा रक्कम, अट एवढीच की मुलं शाळेत जावीत आणि त्यांचं लसीकरण व्हावं. गरिबी आणि दरी दोन्ही कमी व्हायला तिचा हातभार लागला. पण त्याच वर्षांत तिथे किमान वेतनही बरंच वाढवलं गेलं होतं. हातात पैसे देणं आणि कामाचा दर वाढवणं ही दोन्ही कामं एकत्र झाली. आपल्याकडे पहिल्यावर भांडण होतं, दुसऱ्यावर कुणी बोलत नाही.

पूर्वभागवाली

सगळ्यांचे आभार. काल रात्री हा अख्खा धागा राजमणीला फोनवर वाचून दाखवला. दीड तास. मध्ये मध्ये सुपाचा आवाज येत होता, ती काम करतच ऐकत होती. जुनीमिल काकांचं चहाचं वाचलं तेव्हा आवाज थांबला.

गरीब आहेस का, हे शेवटी तिलाच विचारलं. म्हणाली, "घर माझ्या नावावर आहे, गरीब लिहू नको. पण कानातले सुटले नाहीत ते लिही." मग म्हणाली की हे सगळे शिकलेले लोक आहेत तर एक विचार. मुलीला बीफार्मसीला जायचंय. कॉलेजची फी किती, माफ होते का, कोणता कागद लागतो? शेजारीण म्हणते लाख रुपये लागतात, म्हणून ती मुलीला बीएससीला घालायच्या विचारात आहे. माझी मुलं त्या वाटेला गेली नाहीत, मला नीट माहिती नाही.

मधुकोश

थांबवा तिला! २०२४-२५ पासून कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. बीफार्मसी त्यात येतं. प्रवेश मात्र कॅप (सरकारी केंद्रीय प्रवेश) फेरीतून घ्यायचा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही, त्याला माफी नाही. सीईटीचा फॉर्म भरलाय का ते आधी विचारा. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, सेतूतून निघतो. आत्ताच काढायला सांगा, निकालानंतर तिथे फार गर्दी होते. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर वगैरे लागत असेल तर तेही बरोबरच.

हुतात्मा_एक्सप्रेस

सीईटीची पुस्तकं माझ्या बहिणीची पडून आहेत, कोरीच म्हणा. रविवारी सोलापुरात आहे, कुंभारीला आणून देतो. पूर्वभागवाली, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रात्रपाळी

आणि नवऱ्याच्या गोळ्यांची चिठ्ठी मला पाठवा. त्यातल्या बऱ्याच जनऔषधीत स्वस्त मिळतात, मी नावं लिहून देते.

पूर्वभागवाली

सीईटीचा फॉर्म भरलाय, शाळेच्या बाईंनीच भरून घेतला होता. दाखल्यासाठी राजमणी उद्या सकाळी माल देऊन झाला की सेतूत जाते. पत्ता आणि चिठ्ठी व्यनि केली आहे.